षटकोनी नकाशावर सह्याद्री: कोऑर्डिनेट्सचा कोड कसा बांधावा?

कोकणकडा

सतराव्या शतकातल्या सह्याद्रीवर एक टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम लिहितोय. इंजिन गोडो (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर), पण नकाशाचं गणित सगळं माझ्या कोडमध्ये. इंजिनच्या टाइलमॅपकडे फक्त चित्रं काढायचं काम. नकाशा नाणेघाटाच्या थोडा वरपासून कुंभार्लीच्या खालपर्यंत आहे. षटकोन टोक वर असलेले, एका घराची रुंदी ५ किलोमीटर, ४० रकाने आणि ६० ओळी, म्हणजे २४०० घरं. अशा षटकोनात लागोपाठच्या दोन ओळींमधलं अंतर रुंदीच्या ०.८६६ पट पडतं, त्यामुळे ६० ओळींत उत्तर-दक्षिण साधारण २६० किलोमीटर मावतात.

आधी माझी मांडणी सांगतो, मग प्रश्न. माझं ठाम मत आहे की अशा गेममध्ये कोऑर्डिनेट्सचं ज्ञान एकाच मॉड्यूलमध्ये कोंडून ठेवावं. लढाईचा कोड, रसद, एआय, या कुणालाही रकाना आणि ओळ माहीत असू नयेत. त्यांनी नकाशाला एवढंच विचारावं: या घराचे शेजारी कोण? या दोन घरांत अंतर किती? इथून तिथे जायला खर्च किती? लढाईच्या फाइलमध्ये कुठे "रकाना अधिक एक" असं दिसलं, की ती ओळ उद्या त्रास देणार हे नक्की.

साठवणीसाठी साधा ॲरे (क्रमांक दिलेल्या खणांची यादी): क्रमांक = ओळ × रुंदी + रकाना. विषम ओळी अर्धं घर उजवीकडे सरकवलेल्या. साठवायला ही पद्धत उत्तम, पण गणिताला वाईट, कारण सम ओळीतल्या घराचे शेजारी आणि विषम ओळीतल्या घराचे शेजारी काढायची सूत्रं वेगळी. म्हणून हिशोबासाठी अक्षीय पद्धत, म्हणजे षटकोनाच्या तीन दिशांनी मोजणं: क्यू, आर, आणि तिसरा एस असा की तिघांची बेरीज कायम शून्य. रेड ब्लॉब गेम्स या संकेतस्थळावरचं अमित पटेल यांचं २०१३ पासूनचं षटकोनांचं पान ज्यांनी वाचलंय त्यांना हे ठाऊक असेलच.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. घर अ: रकाना ५, ओळ ३. घर ब: रकाना २, ओळ ८. आर म्हणजे ओळच. क्यू काढायला रकान्यातून ओळीच्या सम भागाचं निम्मं वजा करायचं. अ साठी ५ − १ = ४, म्हणजे (४, ३, −७). ब साठी २ − ४ = −२, म्हणजे (−२, ८, −६). फरक −६, ५ आणि १. त्यातला चिन्ह सोडून सर्वांत मोठा तो ६, तेच अंतर. कागदावर षटकोन काढून मोजा, सहाच पावलं लागतात. सम-विषमची भानगड कुठेच येत नाही.

आता प्रश्न. सह्याद्रीचा कडा हा घराचा गुण नाही, तो दोन घरांच्या मधल्या बाजूचा गुण आहे. खोपोलीचं घर सपाट, लोणावळ्याचंही बऱ्यापैकी सपाट, अडचण आहे ती दोघांच्या मधे, ६०० मीटरच्या आसपासच्या चढात. नद्यांचंही तेच. हे "बाजूंचं" ज्ञान कसं साठवावं? दोन पर्याय दिसतात, पण आधी तुमचं ऐकायचं आहे.

चौकटराजा

विषय आवडीचा आहे. पण मूलभूत शंका: षटकोनच का? १९९१ ची सिव्हिलायझेशन गेम ८० × ५० चौकोनांवर चालली आणि लोकांनी रात्री जागवल्या. चौकोनात शेजारी काढणं, ॲरे, नकाशा एडिटर, सगळंच सोपं.

कोकणकडा

@चौकटराजा, चौकोनात तिरप्या चालीचं काय करायचं हा निर्णय टाळता येत नाही. तिरपं पाऊल सरळ पावलाएवढंच धरलं, तर प्रत्यक्षात ते १.४१ पट लांब असूनही तेवढ्याच खर्चात पडतं, आणि हुशार खेळाडू कायम तिरपा चालतो. तिरपं बंद केलं तर सैन्य पायऱ्या-पायऱ्यांनी चालल्यासारखं दिसतं. माझ्या गेमचा जीव कड्यात आहे. चौकोनी पटावर कडा तिरपा गेला, की कोपऱ्यातून दोन घरं एकमेकांना नुसती टेकतात. तिथून सैन्य जाणार की नाही, यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. षटकोनात कोपऱ्याला टेकणारे शेजारी नसतातच. जो शेजारी, त्याच्याशी पूर्ण एक बाजू सामाईक. सिव्हिलायझेशनसुद्धा २०१० च्या पाचव्या आवृत्तीत षटकोनावर आलीच, आणि तिथे नद्या घरांच्या कडेनेच वाहतात.

चौकटराजा

कोपऱ्याचा मुद्दा पटला. कड्याच्या नकाशाला षटकोनच बरा.

मृण्मयी_प

मी कामावर नकाशांच्या डेटातच असते, म्हणून डेटा आत आणण्याबद्दल लिहिते. खरी उंची आणि खरे घाट आणणार असाल तर तीन जागा सांभाळा.

पहिली, क्रम. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फाइल प्रकारात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो. बोलताना आपण नेहमी उलटं म्हणतो. १८.५ आणि ७३.८ यांची अदलाबदल झाली तर पुणे आर्क्टिकमध्ये जाऊन बसतं, ते लगेच कळतं. पण आधीच घराच्या मापात बदललेल्या आकड्यांची अदलाबदल झाली, तर नकाशा नुसता आडवा झालेला असतो आणि वाळवंटी किंवा डोंगराळ भागात ते पटकन लक्षात येत नाही.

दुसरी, दिशा. अक्षांश उत्तरेकडे वाढतो, तुमच्या ओळी दक्षिणेकडे वाढतात. ही उलटापालट एकदाच, आयात करणाऱ्या फंक्शनमध्ये करा.

तिसरी, प्रमाण. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण १८.५ अंशांवर एक अंश रेखांश सुमारे १०५.५ किलोमीटरच भरतो. हा फरक सोडून दिला तर तुमच्या २०० किलोमीटरच्या रुंदीत १० किलोमीटरच्या आसपास चूक येते, म्हणजे दोन घरं. तेवढ्यात घाट भलत्याच गावासमोर येईल. एवढ्याशा प्रदेशाला पृथ्वीची गोलाई सोडली तरी चालते, हा गुणक मात्र सोडू नका.

कड्याबद्दल एक सुचवते. घराची सरासरी उंची काढून दोन सरासऱ्यांची वजाबाकी करू नका. ५ किलोमीटरच्या सरासरीत कडा विरघळून जातो. त्याऐवजी शेजारच्या दोन घरांचे मध्य जोडणारी रेघ घ्या, एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या) उंचीतून तिच्यावर दर १०० मीटरला एक नमुना घ्या, आणि त्यातला सर्वांत तीव्र १ किलोमीटरचा तुकडा बघा. तिथे उंची झपकन बदलत असेल तर बाजूवर कडा. आणि घाट मात्र हातानेच भरा. नाणेघाट, बोरघाट, वरंध, कुंभार्ली हे उंचीच्या डेटातून आपोआप नीट सापडणार नाहीत, कारण वाट असते अरुंद आणि तुमचं घर भलं मोठं.

कोकणकडा

मृण्मयीताई, तीव्र तुकड्याची कल्पना फारच उपयोगी. तीच करतो. एक भर: रेघ फक्त मध्यातून न घेता बाजूच्या दोन्ही टोकांजवळून आणखी दोन समांतर रेघा घेईन आणि तिन्हींवर कडा लागला तरच बाजू बंद धरेन. एखादी रेघ मोकळी निघाली तर तिथे वाट असण्याची शक्यता, ती जागा हाताने तपासायची.

नवशिक्या_पुणेकर

मला माझ्या कोडबद्दल विचारायचंय. माऊसच्या जागेवरून घर काढतो. चौकोनी टाइल, ६४ पिक्सेलची. एक्स भागिले ६४ करतो, पण नकाशाच्या शून्याच्या डावीकडे गेलं की पहिलं घर दुप्पट रुंद असल्यासारखं वागतं. आणि नकाशा पूर्व-पश्चिम गुंडाळलेला आहे, तिथे डावीकडून बाहेर पडलं की कधीकधी थेट क्रॅश.

जुनाखिळा

दोन्हींचं मूळ एकच आहे. तुमच्या भाषेत पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे कापला जातो. −१० भागिले ६४ याचं उत्तर −१ हवं, तुम्हाला ० मिळतं. त्यामुळे −६३ ते ६३ हे सगळे पिक्सेल घर क्रमांक शून्यात पडतात, आणि ते दुप्पट रुंद वाटतं. भागाकारात उरणाऱ्या बाकीचंही (% चिन्हाचंही) तसंच: सी, जावा आणि गोडोच्या स्क्रिप्टमध्ये −१ % ८० म्हणजे −१, पायथनमध्ये ७९. ॲरेला −१ दिला की पुढचं तुम्ही बघितलंच. गोडोत पॉसमॉड (बाकी कधीच ऋण न देणारं फंक्शन) आहे, ते वापरा, आणि भागाकार दशांशात करून फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्या.

कोकणकडा यांच्या सूत्रातही ही खाच आहे. ओळ सम की विषम हे % २ ने पाहू नका, बिटवाइज अँडने शेवटचा बिट (संख्येच्या द्विमान रूपातला शेवटचा अंक) पाहा. ओळ −१ साठी % २ देतं −१ आणि पुढचं सगळं गणित एक घर सरकतं. शेवटचा बिट मात्र ऋण संख्येलाही बरोबर १ येतो. नकाशात ऋण ओळी नसतात असं वाटतं, पण शेजारी काढताना, चढाईचा पल्ला काढताना पटाबाहेरची घरं मधल्या पायरीत येतातच.

गुंडाळलेल्या षटकोनी नकाशाबद्दलही सांगून ठेवतो. ओळी सरकवलेल्या असतील तर पूर्व-पश्चिम कितीही रुंदी चालते, पण उत्तर-दक्षिण गुंडाळायचं असेल तर ओळींची संख्या समच हवी, नाहीतर शिवणीवर दाते जुळत नाहीत. आणि अंतर काढताना लक्ष्याच्या तीन प्रती घ्या: आहे तिथली, एक रुंदी डावीकडची, एक उजवीकडची. तिघांतलं कमीत कमी ते खरं अंतर.

नवशिक्या_पुणेकर

फ्लोअर आणि पॉसमॉडने दोन्ही सुटलं! मनापासून आभार. षटकोनात माऊसवरून घर कसं काढतात?

कोकणकडा

पिक्सेलवरून आधी अपूर्णांकातले क्यू, आर, एस काढायचे, मग तिघांना जवळच्या पूर्णांकाला न्यायचं. गंमत इथे आहे की तसं केल्यावर बेरीज शून्य राहीलच असं नाही. समजा आले (०.४५, ०.४, −०.८५). पूर्णांक केले की (०, ०, −१), बेरीज −१, असं घर अस्तित्वातच नाही. मग ज्याच्यात सर्वांत जास्त फरक पडला तो टाकून द्यायचा आणि उरलेल्या दोघांवरून पुन्हा काढायचा. इथे क्यूमध्ये ०.४५ चा फरक, तो सर्वांत मोठा. म्हणून क्यू = १, घर (१, ०, −१). दोन घरांमधली सरळ रेघ काढायलाही हेच फंक्शन लागतं, त्यामुळे नजरेच्या टप्प्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

जुनाखिळा

मूळ प्रश्नाकडे येतो, बाजू कशा साठवायच्या. तुम्ही दोन पर्याय म्हणालात ते बहुधा हेच.

एक: प्रत्येक घराकडे सहा बिट, प्रत्येक दिशेला कडा आहे की नाही. वाट शोधताना सर्वांत वेगवान, कारण घर हातात आहेच. पण एकच बाजू दोन घरांत लिहिली जाते. एकीकडे कडा आणि पलीकडून मोकळं, असं होऊ द्यायचं नसेल तर लिहिणारं फंक्शन एकच ठेवा, जे दोन्ही घरांत लिहील.

दोन: प्रत्येक घराने फक्त तीनच बाजूंची मालकी घ्यायची, पूर्व, आग्नेय आणि नैर्ऋत्य. पश्चिमेची बाजू म्हणजे पश्चिमेच्या शेजाऱ्याची पूर्व बाजू. वायव्येची म्हणजे वायव्येच्या शेजाऱ्याची आग्नेय. ईशान्येची म्हणजे ईशान्येच्या शेजाऱ्याची नैर्ऋत्य. असं केलं की प्रत्येक बाजूला नेमका एकच पत्ता उरतो.

मी पहिला घेतला असता. २४०० घरांना सहा-सहा बिट, काहीच नाही. दुसऱ्यात दर पावलाला पत्ता बदलण्याचं काम वाढतं.

कोकणकडा

हेच दोन. वेगाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, पण मला बाजूवर फक्त "कडा आहे की नाही" एवढंच ठेवायचं नाही. घाटावर चौकी असते, चौकीवर माणसं असतात, जकात असते, ती कुणाच्या ताब्यात आहे हे असतं. २ फेब्रुवारी १६६१ ला मुघल सरदार कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत अडकली, ती कुठल्या घरात अडकली नव्हती, दोन घरांच्या मधे अडकली होती. एका बाजूने वर जाता येत नाही, दुसऱ्या बाजूने खाली उतरता येत नाही. गेममध्ये दबा धरण्याची जागा हीच. ही माहिती बिटांत मावत नाही, तिला स्वतःची ओळख लागते. आणि एकाच चौकीच्या दोन प्रती दोन घरांत ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

जुनाखिळा

चौकी असेल तर गोष्ट वेगळी, मग पत्ता हवाच. असं करा: मालकीचा तक्ता हेच सत्य, बाजूचा क्रमांक = घराचा क्रमांक × ३ + दिशा. त्यावरून सहा बिटांचे मुखवटे (प्रत्येक घराच्या बंद-मोकळ्या बाजूंची नोंद) तयार करून ठेवा आणि ते फक्त वाट शोधायला वापरा. तक्ता बदलला की त्या दोन घरांचे मुखवटे पुन्हा काढायचे. मुखवट्यात थेट कुणीही लिहायचं नाही, सेव्ह फाइलमध्येही तो जाऊ द्यायचा नाही.

पटाच्या काठाची सोय आठवणीने करा. सर्वांत डावीकडच्या घराची पश्चिम बाजू पटाबाहेरच्या घराच्या मालकीची ठरते. बॅटल फॉर वेसनॉथ या षटकोनी पटाच्या गेममध्ये नकाशाभोवती एका घराची किनार असते, तशी घाला. ४० × ६० चे ४२ × ६२ होतील, २६०४ घरं, ७८१२ बाजू. तेवढ्यासाठी काठाची एकही विशेष अट लिहावी लागणार नाही.

मृण्मयी_प

+१. मूळ तक्ता एक आणि त्यावरून काढलेली बाकीची रूपं, हीच पद्धत आमच्याकडेही टिकते.

बिनधास्त_बिट

टाइप्सबद्दल (कोडमधल्या मूल्यांच्या प्रकारांबद्दल) कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळीकडे दोन पूर्णांकांचा व्हेक्टर वापरला की पिक्सेल, रकाना-ओळ आणि अक्षीय हे तिन्ही कंपायलरला एकसारखेच दिसतात. चुकीचा दिला तरी तो तक्रार करत नाही. सी शार्पमध्ये प्रत्येकासाठी छोटा रीडओन्ली स्ट्रक्ट (न बदलणारा स्वतंत्र टाइप) करा. गोडोच्या स्क्रिप्टमध्ये ते स्वस्तात जमत नाही, तिथे निदान नावांची शिस्त पाळा.

त्याहून पुढचं पाऊल म्हणजे जागा आणि फरक हेही वेगळे टाइप. दोन जागांची बेरीज ही निरर्थक गोष्ट आहे, जागा अधिक फरक म्हणजे जागा. ओपनटीटीडी या खुल्या गेमच्या कोडमध्ये टाइलइंडेक्स आणि टाइलइंडेक्सडिफ असे दोन वेगळे टाइप आहेत, ते नुसते वाचले तरी बरंच कळतं. फ्रीसिव्ह या सिव्हिलायझेशनसारख्या खुल्या गेमच्या दस्तऐवजातही नकाशाचे, नेटिव्ह आणि नॅचरल असे वेगवेगळे कोऑर्डिनेट्स आणि वर सपाट इंडेक्स, असं व्यवस्थित समजावलेलं आहे. शिवाय "खरी" जागा आणि "सामान्य" जागा असा भेद आहे: गुंडाळलेल्या पटावर एकाच घराला अनेक खरे पत्ते असू शकतात, पण सामान्य पत्ता एकच. डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेला हा फ्रीसिव्ह प्रकल्प अजून चालू आहे, त्यामागे ही काळजी आहे असं मला वाटतं.

नवशिक्या_पुणेकर

वाट शोधणाऱ्या ए-स्टार पद्धतीला उरलेल्या खर्चाचा अंदाज म्हणून सरळ षटकोनी अंतर दिलं तर चालेल ना?

बिनधास्त_बिट

सर्वांत स्वस्त पावलाच्या खर्चाने गुणून दिलं तर चालेल. समजा मैदान ३, डोंगर ६, घाट ९ आणि बांधलेली वाट १. अंदाज = अंतर × १ हवा. अंतर × ३ दिलात तर वाटेवरून जाणारा लांबचा पण स्वस्त मार्ग त्याच्या नजरेतून सुटू शकतो. पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये रेल्वेवरून चालायला काहीच खर्च नव्हता. अशा नियमात अंदाज शून्यच द्यावा लागतो, म्हणजे तो अंदाजाशिवाय वाट शोधणारा डाइक्स्ट्रा झाला. आणि खर्च पूर्णांकातच ठेवा. एक तृतीयांश दशांशात साठवलं तर दोन संगणकांवर खेळताना कधीतरी एक पाऊल इकडचं तिकडे होतं.

कोकणकडा

सगळ्यांचं घेऊन बांधणी केली. बाजूंचा तक्ता, त्यावरून मुखवटे, भोवती किनार. खर्चाचं फंक्शन आता "या घराचा खर्च" असं न राहता "या घरातून त्या घरात" असं झालं. त्यामुळे चढ आणि उतार वेगळे ठेवता आले: घाट चढायला ९, उतरायला ६. तपासणीसाठी चार नियम यंत्राकडून हजारो घरांवर चालवतो: कोऑर्डिनेट बदलून परत आणला की तोच यावा, प्रत्येक शेजाऱ्याचं अंतर १ असावं, अ ते ब आणि ब ते अ अंतर सारखं असावं, आणि एकाच बाजूचा पत्ता दोन्ही घरांकडून काढला की एकच क्रमांक यावा.

कल्याणहून जुन्नरला निघालेली तुकडी आता नाणेघाटाने वर चढते. तिथली चौकी शत्रूकडे दिली की तीच तुकडी दक्षिणेला वळून बोरघाटाने चढते आणि वरच्या पठारावरून उत्तरेला येते. यासाठी एआयमध्ये एकही ओळ लिहावी लागली नाही.

जुनाखिळा

वा! एक तपासा: ती तुकडी वळली, तेव्हा चौकी शत्रूकडे गेल्याचं तिच्या मालकाला माहीत होतं का? वाट शोधणारा कोड खऱ्या तक्त्यावर चालत असेल, तर खेळाडू नुसता माऊस फिरवून रेघ कुठे वळते ते बघेल आणि लपलेल्या चौक्या शोधून काढेल. चोरवाटांचंही तेच.

कोकणकडा

नव्हतं माहीत, शोध खऱ्या तक्त्यावरच चालत होता. म्हणजे प्रत्येक खेळाडूला त्याच्या माहितीपुरता बाजूंचा तक्ता द्यावा लागेल. ७८१२ बाजू आणि चार खेळाडू, आकार काहीच नाही. शोध त्या तक्त्यावर, आणि प्रत्यक्ष चाल खऱ्या तक्त्यावर, दर पावलाला. जिथे दोन्ही जुळणार नाहीत तिथे तुकडी थांबेल आणि दबा उघड होईल. मुखवटेही मग खेळाडूगणिक वेगळे.

जुनाखिळा

बरोबर. आणि वाट शोधणाऱ्या फंक्शनला खेळाडूचा क्रमांक द्यायचा नाही, तक्ताच द्यायचा. म्हणजे खरा तक्ता त्याच्या हातात चुकूनही पडणार नाही.